पूरपट्ट्यातल्या घरकुलांना विमा द्या : ग्रामविकास विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. प्रधान सचिव, ग्रामविकास विभाग, मंत्रालय, मुंबई
मा. संचालक, राज्य व्यवस्थापन कक्ष (ग्रामीण गृहनिर्माण)
मा. संचालक, विमा संचालनालय, महाराष्ट्र राज्य

विषय : शासकीय अनुदानातून बांधलेल्या प्रत्येक घरकुलाचा पूर व इतर आपत्तींसाठी विमा योजनेतूनच उतरवण्याबाबत.

महोदय,

मी शिरोळ तालुक्यात ग्रामसेवक होतो. निवृत्तही तिथेच झालो. एकाच घराच्या दोन कागदांवर माझी सही आहे, त्या दोन कागदांमुळे हे पत्र लिहितोय.

पहिला कागद घरकुल पूर्ण झाल्याचा, २०१८ च्या उन्हाळ्यातला. प्रधानमंत्री आवास योजनेतलं घर, २५ चौरस मीटरच्या नियमात बसणारं. काळ्या दगडाचं जोतं, लाल विटांच्या भिंती, वर पत्रा. दाराशेजारी भिंतीवर रंगवलेली पाटी : योजनेचं नाव, लाभार्थीचं नाव, मंजुरीचं वर्ष. लाभार्थी आमच्या गावच्या एक आक्का. नवरा नाही, मुलगा ऊसतोडीला जाणारा. सरकारचे १ लाख २० हजार, शौचालयाचे १२ हजार, रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी आणि आक्कांचे स्वतःचे लाखभर. त्या लाखातले बरेचसे बचत गटाचे आणि एका फायनान्सवाल्याचे. घरासमोर उभं करून फोटो काढला, ॲपवर चढवला, शेवटचा हप्ता जमा झाला. त्या दिवशी आक्कांनी आम्हाला गूळ-शेंगा दिल्या होत्या.

दुसरा कागद ऑगस्ट २०१९ चा पंचनामा.

आमच्याकडे पूर धडाडत येत नाही. कृष्णा आणि पंचगंगा नृसिंहवाडीला भेटतात, तिथं पाणी पाण्याला अडवतं आणि मागं फुगत राहतं. ते हळू चढतं आणि त्याहून हळू उतरतं. त्या वर्षी कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. तिथली धोका पातळी ४३ फूट आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर होती, तिथली धोका पातळी ४५ फूट. पाणी उतरल्यावर तलाठी, कृषी सहायक आणि मी असे तिघे आक्कांच्या दारात गेलो. दार फुगून चौकटीत घट्ट बसलं होतं. दोघांनी खांदा लावून ढकललं तेव्हा उघडलं. आत पोटरीएवढा चिखल. पत्र्याच्या कोठीतल्या ज्वारीला मोड येऊन ती आंबली होती, तो वास अजून माझ्या नाकात आहे. गिलावा हात लावला की पोपडा निघावा तसा सुटत होता. विजेच्या बोर्डातून पाणी ठिबकत होतं. आणि छज्ज्याच्याही वर, भिंतीभर, पाण्याची तपकिरी रेघ.

पंचनाम्याच्या फॉर्मवर घरासाठी रकाने असतात : पूर्णतः पडझड, अंशतः पडझड. भिंती उभ्या होत्या. पत्रा जागेवर होता. मी ‘अंशतः’वर खूण केली. नियमाप्रमाणे दुसरं काही करता येत नव्हतं. आक्का माझ्या हाताकडे बघत होत्या. म्हणाल्या, “भाऊसाहेब, घर पडलं असतं तर बरं झालं असतं का वो?”

मी काही बोललो नाही. तेव्हा जे उत्तर द्यायला हवं होतं ते आज आपल्याला उद्देशून लिहितोय.

त्यांचा प्रश्न हिशोबाचा होता आणि हिशोब बरोबर होता. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत पूर्ण पडलेल्या पक्क्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार आहेत. पक्कं घर अंशतः पडलं, म्हणजे किमान १५ टक्के नुकसान झालं, तर ६,५०० रुपये. घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात राहिलं तर कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५००. राज्य सरकार वेळोवेळी यात भर घालतं, २०१९ मध्ये ग्रामीण भागात कुटुंबामागे १० हजारांचं सानुग्रह अनुदान दिलं, तेव्हा ते लोकांना फार उपयोगी पडलं, हे मी स्वतः वाटप केलंय म्हणून सांगतो. पण एक लाख वीस हजार आणि साडेसहा हजार यांच्या मध्ये कुठलीच पायरी नाही. आणि पुराचं जवळजवळ सगळं नुकसान त्या मधल्या जागेतलं असतं. विटा-सिमेंटचं घर संथ पाण्यात सहसा कोसळत नाही, ते आतून खराब होतं. नवा गिलावा, नवं दार, नवी फरशी, नवं वायरिंग, चुलीपासून अंथरुणापर्यंत सगळं. साडेसहा हजारांत गवंड्याची मजुरीही भागत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, जी मुंबईत बसून दिसायची नाही. आमच्याकडची जमीन काळी. भिजली की फुगते, सुकली की आखडते. पंचनामा पाणी उतरल्यावर आठ-पंधरा दिवसांत उरकतो, तेव्हा जमीन अजून फुगलेली असते आणि भिंत सरळ दिसते. दसरा-दिवाळीला ऊन लागलं, जमीन ओढली गेली, की जोतं एका बाजूनं बसतं. मग खिडकीच्या कोपऱ्यातून वर तिरकी भेग निघते. आक्कांच्या घराला ती नोव्हेंबरात पडली. बोट जाईल एवढी. तोवर पंचनाम्याच्या याद्या तहसीलला जमा होऊन, मंजूर होऊन, बंद झाल्या होत्या.

आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. राजाराम बंधाऱ्यावर २०१९ पेक्षाही वर. ती भेग असलेली भिंत त्या खेपेला गेली.

त्यानंतर आक्का माझ्याकडे आल्या, नवीन घरकुलासाठी नाव घाला म्हणून. मी यादी उघडली. यादीत त्यांचं नाव होतं, पण ‘लाभ दिलेला’ म्हणून. ज्याला एकदा पक्कं घर मिळालं तो योजनेच्या दृष्टीने बेघर राहत नाही. नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, एकाच माणसाला दोनदा आणि शेजाऱ्याला एकदाही नाही, असं होऊ नये म्हणून तो आहे. पण त्याचा अर्थ असा की सरकारने या बाईला आयुष्यात एकच घर दिलं, ते पूररेषेच्या आत दिलं, आणि ते गेलं तर पुढे काय याची एक ओळही योजनेत लिहिली नाही.

आता जे सांगणार आहे ते खास लक्षात घ्यावं, कारण माझी मागणी त्यावर उभी आहे. सरकारला विमा माहीत नाही असं नाही. जिल्हा परिषदेच्या आणि सार्वजनिक बांधकामाच्या निविदा मी नोकरीत वाचल्या आहेत. पूल असो, रस्ता असो, शाळेची खोली असो, ठेकेदाराने कामाचा सर्व जोखमींचा विमा उतरवायचा, तोही विमा संचालनालयाकडून, अशी अट करारात असते. विमा उतरवला नाही तर त्याची रक्कम बिलातून कापून घेतात. राज्याचा स्वतःचा शासकीय विमा निधी आहे, आणि ज्या मालमत्तेत सरकारचा आर्थिक हितसंबंध आहे तिला संरक्षण द्यायचं हेच त्याचं काम आहे. म्हणजे गावच्या ओढ्यावर साकव बांधताना पूर आला तर त्या साकवाला विमा आहे. त्याच ओढ्याकाठी, त्याच उन्हाळ्यात, त्याच सरकारच्या पैशातून बांधकाम चालू असलेल्या घरकुलाला नाही. जोत्यापर्यंत आलेलं घर, बाहेर रचलेल्या विटा, ताडपत्रीखाली ठेवलेलं सिमेंट, हे सगळं जुलैच्या पाण्यात जाताना मी पाहिलंय. पुढचा हप्ता पुढच्या टप्प्याच्या फोटोवर मिळतो, आणि तो टप्पा गाठायला लागणारं साहित्य तर वाहून गेलेलं. अशी घरं दोन-दोन वर्षं अर्धवट राहतात आणि तालुक्याच्या आढाव्यात ‘लाभार्थी उदासीन’ म्हणून नोंदली जातात. त्या नोंदी आम्हीच केल्या. मला त्याची आज लाज वाटते.

पूररेषांबद्दल. जलसंपदा विभाग निळी रेषा आखतो ती सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. गावात हे ऐकलं की लोकांना वाटतं, २५ वर्षं निवांत. खरा अर्थ वेगळा आहे. निळ्या रेषेवरच्या घराला दर वर्षी २५ पैकी १ शक्यता. दर वर्षीच्या या शक्यता एकत्र धरल्या तर ३० वर्षांत ते घर किमान एकदा पाण्याखाली जाण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या वर जाते. लाल रेषेवरच्या घरालाही ३० वर्षांत ही शक्यता २६ टक्के आहे, म्हणजे चारात एक. हा कागदावरचा हिशोब. आमच्या गावाने २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर सोळा वर्षांत बघितले, आणि २०२४ च्या जुलैतही पंचगंगा धोका पातळी ओलांडून गेली. जी गोष्ट घडणार हे माहीत आहे, फक्त कोणत्या वर्षी हे माहीत नाही, तिच्यासाठी आधी पैसे बाजूला काढून ठेवायला जगात विमा म्हणतात.

हे कुणी केलंय का, असं आपण विचाराल. केलंय. २००१ च्या भूकंपानंतर गुजरातने पुन्हा बांधलेल्या घरांना दहा वर्षांचा आपत्ती विमा जोडून दिला. केरळने २०२२ मध्ये ‘लाइफ मिशन’ या आपल्या बेघरांसाठीच्या योजनेतून बांधलेल्या घरांसाठी ४ लाखांपर्यंतचं विमा संरक्षण सुरू केलं आणि पहिल्या तीन वर्षांचा हप्ता सरकारने भरायचं ठरवलं. अमेरिकेत तर १९७३ पासून कायदाच आहे : पूरप्रवण पट्ट्यात सरकारच्या मदतीने किंवा सरकारी नियंत्रणाखालच्या बँकेच्या कर्जाने इमारत उभी राहणार असेल, तर पूर विमा असल्याशिवाय पैसे मिळत नाहीत. १९९४ मध्ये त्यांनी तो आणखी कडक केला. एकदा पूरमदत घेतली आणि विमा चालू ठेवायची अट मोडली, तर पुढच्या पुरात त्या मालमत्तेला मदत नाही.

त्या कायद्यातला विचार घ्यावा, पण तो जसाच्या तसा आणू नये अशी माझी विनंती आहे. तिथे हप्त्याचा बोजा घरमालकावर आहे, म्हणून हात आखडला की लोक विमा सोडून देतात. आणि जोखमीच्या मानाने हप्ते कमी ठेवून त्याच त्याच जागी पुन्हा पुन्हा बांधू दिल्यामुळे त्यांचा विमा कार्यक्रम अब्जावधी डॉलरच्या कर्जात गेला. २०१७ मध्ये त्यातलं १६ अब्ज डॉलरचं कर्ज संसदेला माफ करावं लागलं. आपल्याकडे अट लाभार्थ्यावर टाकली तर काय होईल ते मी आत्ता सांगतो. घरकुलाचा हप्ता सोडवायला लागणाऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात आणखी एक कागद वाढेल. आधार, पासबुक, नमुना आठचा उतारा, करारनामा आणि आता विम्याची पावती. ती पावती मिळवून देणारा एजंट तालुक्याच्या गावात झेरॉक्सच्या दुकानाशेजारी बसेल आणि विम्याच्या तीनशेच्या हप्त्याचे हजार घेईल. घरकुलाचा शेवटचा हप्ता त्या पावतीसाठी अडेल. मी असले अडलेले हप्ते आयुष्यभर पाहिलेत.

म्हणून अट योजनेवर घाला, माणसावर नको. मंजुरी आदेश निघाला की घरकुलाचा विमा आपोआप सुरू व्हावा. लाभार्थ्याने अर्ज करायचा नाही, सही करायची नाही, पैसे भरायचे नाहीत. माहिती आपल्याकडे आधीच आहे. प्रत्येक घराचा नकाशावरचा बिंदू, जोत्याचा फोटो, छज्ज्याचा फोटो, पूर्णत्वाचा फोटो, बँक खातं, सगळं संगणकात आहे. कुठल्याही विमा कंपनीला आपल्या ग्राहकांची एवढी नेटकी नोंद मिळत नसेल. हीच यादी विम्याची यादी धरावी.

आणि ती फक्त नदीकाठची नको. फक्त शिरोळ, करवीर, पलूस, वाळव्याची घरं वेगळी काढली तर हप्ता परवडणार नाही आणि दर मोठ्या पुरानंतर कुणीतरी ही योजना गुंडाळायला सांगेल. राज्यातली सगळी घरकुलं एका पॉलिसीत घ्या. मोठ्या आकड्यावर हप्ता घरामागे वर्षाला काही शे रुपयांत बसतो, हे केरळने दाखवलंय. पूर हा फक्त कृष्णाकाठचा विषय आहे असंही नाही. २०२० च्या ऑगस्टमध्ये वैनगंगेने भंडारा, गडचिरोलीत घरं बुडवली. पर्लकोटा नदी दर पावसाळ्यात भामरागडचा रस्ता तोडते. २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड बुडाले. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीने सोलापूर जिल्ह्यात जे केलं ते ताजं आहे. रमाई, शबरी, मोदी आवास या राज्याच्या योजनांतली घरंही यात आलीच पाहिजेत. पाणी योजनेचं नाव वाचून आत शिरत नाही.

कसला विमा, हेही नीट ठरवावं लागेल. विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ नावाची घरासाठीची प्रमाणित पॉलिसी सगळ्या साधारण विमा कंपन्यांना बंधनकारक केली आहे. मी ती बारकाईने वाचली. तिच्यात आक्कांच्या प्रश्नाचं उत्तर आहे. पूर त्यात येतो. घर पूर्ण पडायची वाट बघावी लागत नाही, दुरुस्तीला जो खर्च येईल तो मिळतो. रक्कम घर पुन्हा बांधायच्या खर्चावर ठरते. विमा कमी रकमेचा उतरवला म्हणून भरपाई कापत नाहीत. घरातल्या सामानासाठी घराच्या विमा रकमेच्या २० टक्के आपोआप धरले जातात, वर १० लाखांची मर्यादा. मलबा हटवायचाही खर्च त्यात आहे. पॉलिसी एकदम दहा वर्षांपर्यंत घेता येते. शासकीय विमा निधीने हाच साचा घ्यावा. विमा रक्कम मात्र अनुदानाएवढी नको, घराच्या खऱ्या खर्चाएवढी हवी. आक्कांच्या घरात सरकारचे सव्वा लाखाहून जास्त होते आणि त्यांचेही लाखभर होते. पाण्यात दोन्ही भिजले. फायनान्सचा आठवड्याचा हप्ता मात्र पुरातही चालू होता. निवारा केंद्रात वसुलीवाला येऊन बसलेला मी पाहिलाय.

विम्याचं नाव काढलं की आमच्या लोकांच्या कपाळाला आठी पडते, आणि ती उगाच नाही. एक रुपयातला पीक विमा आला आणि गेला, त्यात बोगस अर्जांचा जो बोभाटा झाला त्याने प्रामाणिक शेतकऱ्याचंही नाव खराब झालं. शेतकऱ्यांच्या अपघात विम्यात कंपन्या इतके दावे अडवत, लांबवत होत्या की २०२३ मध्ये सरकारने कंपन्यांना बाजूला करून ती सरळ सानुग्रह अनुदान योजना केली. आमच्या गावातल्या एका किराणा दुकानदाराची गोष्ट सांगतो. त्याने बँकेच्या कर्जासोबत दुकानाचा विमा घेतला होता, दर वर्षी हप्ता कटत होता. २०१९ च्या पुरानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर तीन आठवड्यांनी आला. तोवर दुकानदाराने सडलेली पोती, फुगलेले बिस्किटांचे खोके, तेलकट चिखल सगळं ट्रॅक्टरने गावाबाहेर टाकलं होतं. टाकायलाच हवं होतं, रोगराईच्या भीतीने आम्हीच दवंडी दिली होती. सर्व्हेअरने रिकाम्या, धुतलेल्या दुकानाकडे बघून विचारलं, “नुकसान झालेला माल दाखवा.” त्याला मागितलेल्या रकमेच्या चौथाईही मिळाली नाही. पुढच्या वर्षी त्याने बँकेत जाऊन विमा बंद करायला सांगितला.

म्हणून दाव्याची पद्धत पहिल्या दिवशीच लिहून ठेवा. गावात पाणी आलं आहे हे राजाराम बंधारा आणि आयर्विन पुलाची मोजपट्टी सगळ्या जिल्ह्याला तासातासाने सांगते. अशी मोजपट्टी प्रत्येक मोठ्या नदीवर आहे. कोणत्या गावात किती फुटांना पाणी शिरतं हे त्या त्या गावच्या पोलीस पाटलाला झोपेत विचारलं तरी तो सांगेल. ती पातळी ओलांडली की त्या गावच्या सगळ्या विमाधारक घरकुलांना ठरलेली पहिली रक्कम, समजा वीस-पंचवीस हजार, पंचनाम्याची वाट न बघता खात्यावर यावी. पाण्याच्या पातळीवर किंवा पावसावर आधारलेली अशी भरपाई नवीन राहिलेली नाही, नागालँड सरकारने २०२४ मध्ये राज्यासाठी त्या धर्तीची पॉलिसी घेतली आहे. उरलेली भरपाई दुरुस्तीच्या खर्चाप्रमाणे. पुरावा म्हणून तलाठी-ग्रामसेवकांचा पंचनामा आणि मोबाइलवरचा फोटो चालावा, सर्व्हेअरची स्वतंत्र फेरी नको. बाईने घर धुतलं म्हणून तिचा दावा कमी होता कामा नये. आणि काळ्या जमिनीसाठी दुसरी तपासणी हवी : पाणी उतरल्यावर तीन-चार महिन्यांनी, दिवाळीनंतर, गृहनिर्माण अभियंत्याने पुन्हा एकदा त्या घरांच्या भिंती बघाव्यात. ही एक तपासणी झाली असती तर आक्कांची भिंत २०२१ मध्ये पडली नसती, असं मला वाटतं. निदान आम्हाला ती टेकू लावून सावरता आली असती.

काहीजण म्हणतील, नदीकाठी राहायचंच कशाला. हा प्रश्न पुण्यातून गाडीने येणाऱ्या पाहुण्यांनी विचारला तर मी समजू शकतो. आपल्या विभागाने विचारू नये, कारण उत्तर विभागाच्याच फायलीत आहे. ज्याला जागा नाही त्याला घरकुलासाठी जागा घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून एक लाखापर्यंत मदत मिळते. एक लाखात आमच्या गावात माळाची, उंचावरची, रस्त्याला लागून असलेली जागा येत नाही. येते ती सखल, मळीची, पाणथळ जागा. उंच जागेवर जुन्या मोठ्या घरांचे वाडे आहेत. गावाची चढण चढत गेलं की माणसाची ऐपत वाढत जाते. आक्कांनी नदी निवडली नव्हती. निळ्या रेषेच्या आत नवं घरकुल मंजूर करू नये हे मला शंभर टक्के मान्य आहे, आणि विमा म्हणजे तिथं बांधायचा परवाना असं कुणी समजू नये. ज्याला उंचावर जायचंय त्याला विम्याची रक्कम नव्या जागेवर घर बांधायला वापरता यावी, अशी मुभा पॉलिसीत ठेवा. कितीतरी लोक जातील. पण आज जी हजारो घरं त्या पट्ट्यात उभी आहेत ती आपल्याच मंजुरीने, आपल्याच हप्त्याने आणि आमच्यासारख्यांच्या सहीने उभी राहिली आहेत.

पैशाचं म्हणाल तर दर पुरानंतर हे पैसे जातातच. फरक एवढाच की ते विधिमंडळात पॅकेज म्हणून जाहीर होतात, शासन निर्णय निघतो, मग तहसीलला तरतूद येते, मग याद्या, मग खाते क्रमांक चुकले म्हणून परत याद्या. २०१९ च्या मदतीचे काही अर्ज मी २०२१ चं पाणी येईपर्यंत हातात घेऊन फिरत होतो. विम्याच्या हप्त्याची रक्कम दर अर्थसंकल्पात ठरलेली असते, कधी किती लागणार हे वित्त विभागाला आधी कळतं. आणि घरामागे वर्षाला काही शे रुपये हा खर्च कुठल्याही घरकुलाच्या मंजूर रकमेत एका सिमेंटच्या पोत्याएवढा आहे.

आपल्याला फार मोठा कायदा करायला नको. ग्रामविकास विभागाचा एक शासन निर्णय, विमा संचालनालयाशी एक करार आणि घरकुलाच्या संगणक प्रणालीत एक रकाना. येत्या पावसाळ्याआधी जमलं नाही तर निदान पूररेषेतल्या गावांपासून सुरुवात करावी, पुढच्या मंजुरी आदेशांपासून तरी.

आक्का आता मुलाकडे, पत्र्याच्या खोलीत राहतात. घरकुलाच्या तीन भिंती अजून उभ्या आहेत. दाराशेजारची रंगवलेली पाटी पुसट झालीय, पण वाचता येते. योजनेचं नाव, त्यांचं नाव, वर्ष. तिच्या वर हातभर अंतरावर २०१९ ची पाण्याची रेघ, त्याच्याही वर २०२१ ची. त्या पाटीवर वर्षाच्या खाली एक ओळ बसेल एवढी जागा रिकामी आहे. पुढच्या प्रत्येक घरकुलाच्या पाटीवर तिथे विमा पॉलिसीचा क्रमांक लिहायची सक्ती करावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त ग्रामसेवक
शिरोळ तालुका, जिल्हा कोल्हापूर